मागं घेतलेली साक्ष

आधीच सांगते, माझा आवाज मोठा हाय. बावीस वर्षं झाली, आखाडा बाळापुरात बाजाराच्या रस्त्याला पिठाची गिरणी चालवून राहिले मी. गिरणी सुरू असताना हळू बोललं तर गिऱ्हाईक दुसऱ्याचाच डबा उचलून घरी जातंय. त्यामुळं मी साधं बोलले तरी लोकाला वाटतं विजयाबाई भांडून राहिली. निम्म्या वेळेला ते बराबर असतंय.

या वर्षी तर मला भांडायला दिवस पुरंना. माझी एकुलती एक पोरगी शीतल, बावीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गेल्या दिवाळीनंतर ती बसल्या जागी विझत गेली. आधी कॉलेज सुटलं, मग बोलणं, मग खाणं. जानेवारीत एका दुपारी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावरून दोन बायांनी तिला हाताला धरून घरी आणली. "काय करून राहिली होतीस गं तिथं?" म्हणून विचारलं तर म्हणली, "काही न्हाई माय. थकले." तवापासून माझ्या जिवाला एकच घोर. ही पोरगी पुन्हा त्या काठावर जाईल का, एवढंच मी सकाळी डोळे उघडल्यापासून बघत असते.

आणि माझं डोकं उठवायला दोन पार्ट्या कायम हजर.

आमी ख्रिस्ती माणसं, माझ्या सासऱ्यापासून. आमचे पाळक रूपसिंग, तांड्यावरचा माणूस, पंधरा वर्षांपासून बाळापुरात पत्र्याचं प्रार्थनाघर चालवतात. रविवारी उपासना, शुक्रवारी दहा ते तीन उपवास-प्रार्थना. माणूस सरळ हाय, त्यांच्याबद्दल माझी तक्रार न्हाई. तक्रार मंडळीबद्दल. शीतलला गोळ्या सुरू झाल्या हे कळल्याबरोबर रूपाबाई दळणाचा डबा घेऊन आल्या, आणि डबा खाली ठिवायच्या आत सुरू. "विजयाबाई, गोळ्या चालू हायत म्हणजे विश्वास कच्चा हाय बघा."

मी म्हणले, "रूपाबाई, तुमचा मोतीबिंदू काढला तवा विश्वास कुठं ठिवला होता?"

"ते डोळ्याचं होतं."

"मग हे मनाचं हाय. मन काय देवानं केलं न्हाई का?"

त्या दिवसापासून रूपाबाई दुसऱ्या गिरणीवर जातात. पण मोबाईलवर मंडळीचा ग्रुप हाय ना. रोज सकाळी तिथं काहीतरी टाकणार, अमक्यानं गोळ्या फेकल्या आणि तमका नाचायला लागला. फेकल्यावर पुढं काय झालं ते कुणी टाकत न्हाई.

दुसरी पार्टी हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंची. मनाच्या डॉक्टर. बाई हुशार, फेब्रुवारीत पोरीला त्यांनीच गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात पोरगी केस विंचरून गिरणीवर येऊन बसायला लागली. त्यांचे उपकार मी विसरणार न्हाई. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरात देवाधर्माचं फार आहे का?" मी म्हणले, हाय. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणल्या, "थोडं कमी करा." आता कमी करा म्हणजे काय? मीठ हाय का ते? अर्ध्या चमच्यानं कमी केलं आणि चव घेऊन बघितली, असं होतंय का? पण तिथं मी गप्प बसले, कारण बाहेर वीस माणसं नंबर लावून बसली होती.

अशी मी मधे. प्रार्थनाघरात गेलं की गोळ्या लपवायच्या, दवाखान्यात गेलं की प्रार्थना लपवायची. जसं काय दोन्हीकडं माझं काही वाईट चालू हाय.

बरं, फेब्रुवारी-मार्च पोरगी सुधारली. उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी एकवीस दिवसांची उपवास-प्रार्थना ठिवली. तिथून पुढं पोरगी पुन्हा खाली बसली. का, ते कुणालाच कळंना. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. जूनमधे पुन्हा वाढवली. जुलैत म्हणल्या, "आता फरक नाही पडला तर नांदेडला भरती करावं लागेल." पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवायला उठवलं की दोन घास खायची, पुन्हा भिंत. मी तिच्या पाठीकडं बघत बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या द्यायचे.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी मला वाटलं, मला कारण सापडलं. दुपारची गोळी डबीत तशीच दिसली. म्हणले, "शीतल, गोळी घेतली न्हाईस?"

"आज शुक्रवार हाय. उपास."

"मग?"

"डॉक्टर म्हणल्या जेवणानंतर. मी जेवले न्हाई."

घ्या. एकीकडून डॉक्टरांचं ऐकती, एकीकडून देवाचं ऐकती, आणि दोघांचं ऐकून मरणाच्या वाटंला लागती. मी गिरणीचा पट्टा सोडला, गिऱ्हाइकाला म्हणले, "बसा पाच मिनिटं," आणि तशीच पीठ लागलेल्या साडीनं पाळकसाहेबांच्या घरी. शुक्रवारची प्रार्थना नुकती सुटली होती. मी अंगणातूनच सुरू केलं. तुमच्या उपासापायी माझ्या पोरीची गोळी बुडून राहिली, उपास कुणी धरायचा आणि कुणी न्हाई हे तुमी एकदा तरी सांगितलं का, आम्ही अडाणी माणसं, आमाला सांगायचं कुणी?

पाळकसाहेब आधी ऐकत राहिले. मग खिशातून एक गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. "विजयाताई, मला साखर हाय. सात वर्षं झाली. दर शुक्रवारी अकरा वाजता मी दोन बिस्किटं खाऊन ही गोळी घेतो."

"कुठं? आमी तर कधी बघितलं न्हाई."

"मागं. मोटारसायकलपाशी."

मला हसावं का रडावं कळंना. सात वर्षं हा माणूस मोटारसायकलआड बिस्किटं खाऊन राहिला, आणि इकडं आमच्या म्हाताऱ्या बायका बीपीच्या गोळ्या बुडवून चक्कर येऊन पडल्या की आमी म्हणायचो पवित्र आत्मा आला. "साहेब," मी म्हणले, "हे समोर येऊन काहून सांगितलं न्हाई?"

"लाज वाटली," ते म्हणले. "लोक म्हणतील, पाळकच खातो."

पण त्यांचं चांगलं हे की चूक दाखवली की धरून बसत न्हाईत. पुढच्याच रविवारी त्यांनी उभं राहून स्वतःचं सगळं सांगितलं, बिस्किटांच्या पुड्यासकट, आणि म्हणले, "औषध चालू असलेल्यानं उपास धरायचा न्हाई. धरला तर आधी खाऊन गोळी घ्यायची. देवाला तुमची रिकामी पोटं मोजायची न्हाईत." रूपाबाईंनी तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, सुटलं. आता रोज तिन्ही टाइम जेवण, आणि गोळी माझ्या डोळ्यासमोर.

तीन हप्ते गेले. पोरगी तसूभर हलली न्हाई.

आता मात्र मी रडकुंडीला आले. हिंगोलीला जाताना अख्ख्या रस्त्यात तिच्याशी एक शब्द बोलले न्हाई. बोलले असते तर ओरडले असते. डॉक्टरीणबाईंनी भरतीची चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले धम्मानंद सर आले. ते गोळ्या देत न्हाईत, बोलायचं काम करतात. वसमतकडचं तिशीतलं पोरगं, बारीक आवाजाचं. शीतल दर पंधरा दिवसाला त्यांच्यापाशी बसायची आणि बाहेर येऊन मला काही सांगायची न्हाई, त्यामुळं माझा त्यांच्यावर राग होता. ते म्हणले, "मॅडम, चिठ्ठी थोडी थांबवा. मला आज तिला जास्त वेळ द्यायचाय."

पाऊण तास ती दोघं आत. मी बाहेर बाकड्यावर. काय एवढं बोलून राहिली असंल ती, जी घरात मला "मीठ दे" म्हणायला तयार न्हाई? मग दार उघडलं आणि सर म्हणले, "मावशी, आत या. शीतलला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. फक्त मधे बोलू नका."

मधे बोलू नका, मला. पण बसले.

शीतल खाली बघून म्हणली, "मी गोळी गिळत न्हाई. जिभेखाली धरते आणि मोरीत थुंकते. उन्हाळ्यापासून."

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. सरांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी हात मांडीवर ठिवला.

"काहून?" मी विचारलं.

"मी बरी झाले तर तू मरशील."

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं पोरीचं डोकं पुरतं गेलं. पण ती पुढं बोलली, आणि असं सरळ बोलली की मला पळून जायला जागा उरली न्हाई. "एकवीस दिवसांच्या प्रार्थनेत तू माईकवर मागितलंस, माय. प्रभू, हिच्या बदल्यात मला घे, पण हिला उभी कर. सगळ्यांनी आमेन म्हणलं. पप्पांनी पण असंच मागितलं होतं ना. आन देवानं ऐकलं."

हे ऐकणाऱ्याला सांगायला पाहिजे. शीतल बारावीला असताना तिला डेंग्यू झाला. नांदेडला आठ दिवस भरती, रक्तातल्या पेशी खाली खाली. तिचे पप्पा, संतराम, तिच्या खाटेपाशी गुडघे टेकून म्हणले होते, माझा जीव घे, लेकराला सोड. पोरगी वाचली. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर ते काविळीनं गेले. आणि मी, त्यांच्या वर्षश्राद्धासारखं, दर वर्षी त्या दिवशी प्रार्थनाघरात उभी राहून साक्ष द्यायचे. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी सांगायचे, "माझ्या मालकानं पोरीसाठी जीव दिला, देवानं मागणं ऐकलं, बापाचं प्रेम बघा." बाया पदर डोळ्याला लावायच्या. पोरगी पहिल्या रांगेत बसून ऐकायची. चार वर्षं.

आईनं "माझा जीव घे" म्हणायचं हे काय नवं हाय का? कुणीबी म्हणतंय. लेकराला ताप आला की तोंडातून आपोआप निघतंय. मला काय म्हाईत होतं पोरगी त्याचा हिशोब लावून बसली?

"सर," मी म्हणले, "हे खरं न्हाई म्हणून सांगा ना हिला."

"सांगितलं," सर म्हणले. "तीनदा सांगितलं की हा आजारातून आलेला विचार आहे. पण मावशी, हा विचार आजारानं नुसता धरलाय. दिलाय तुमच्या घरानं. आणि देवानं ऐकलं की नाही ऐकलं, यावर ती माझं कशाला मानेल? मी विहारात जाणारा माणूस. तुमच्या पाळकांना बोलवा."

मला आश्चर्यच वाटलं. देवधर्म कमी करा म्हणणाऱ्या दवाखान्यातला माणूस मला पाळक बोलवा म्हणून राहिला. फोन लावला. दीड तासात पाळकसाहेब मोटारसायकलवर आले, धुळीनं भरलेले. सरांनी पोरीला विचारून सगळं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता खुर्चीवर बसले. मग म्हणले, "ती साक्ष मीच विजयाताईंना दर वर्षी द्यायला लावायचो. लोक रडायचे. मला वाटायचं, मंडळी वाढते."

मग ते शीतलकडं वळले. "बेटा, एकाच्या जिवाबद्दल दुसऱ्याचा जीव, हे काम एकदाच झालंय, येशूच्या क्रुसावर. आन ते करणारा तुझा बाप नव्हता, तुझी माय न्हाई. ते पुरं झालंय. देव आता कुणाकडं असला सौदा करत न्हाई. हे मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं."

शीतलनं विचारलं, "मग पप्पा काहून गेले?"

पाळकसाहेब माझ्याकडं बघायला लागले. सरबी बघायला लागले. पोरगीबी. आणि आमा चौघांत खरं म्हाईत असणारी मी एकटीच.

मी म्हणले, "रविवारी सांगते. जिथं सांगितलं होतं तिथंच सांगते."

भरतीची चिठ्ठी तोवर थांबली. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला म्हाईत. गिऱ्हाइकांवर खेकसले, पट्टा दोनदा सुटला, एका बाईच्या बेसनात गहू गेले. सगळ्या जगाचा राग आला होता. पाळकाचा, डॉक्टरणीचा, त्या बारीक आवाजाच्या पोराचा. संतरामचासुद्धा. मरून गेला आणि हे माझ्या गळ्यात ठेवून गेला. ती साक्ष म्हणजे माझ्यापाशी राहिलेलं त्याचं एकच चांगलं होतं. माणूस उगाच गेला न्हाई, लेकरासाठी गेला, हे म्हणून मी चार वर्षं गिरणी चालवली, एकटीनं. ते काढून घेतलं तर मागं काय उरतंय, ते मला चांगलं म्हाईत होतं. म्हणूनच तर मी त्याला हात लावत नव्हते.

रविवारी प्रार्थनाघर भरलेलं. धम्मानंद सर सुद्धा आले होते, मागं चपलांपाशी शीतलच्या बाजूला मांडी घालून बसले होते. मंडळीतल्या पोरींनी त्यांना गीतांचं पुस्तक दिलं, ते त्यांनी उलटं धरलं होतं. गाणी झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. रूपाबाई पुढंच होत्या, पदर हातात तयार.

मी माईक घेतला न्हाई. मला लागत न्हाई.

"मी इथं चार वर्षं साक्ष दिली," मी म्हणले, "ती मागं घेते."

पाठीमागं कुणीतरी सवयीनं आमेन म्हणलं.

"आमेन म्हणू नका, आधी ऐका. माझे मालक संतराम पोरीच्या बदल्यात गेले न्हाईत. ते काविळीनं गेले. डोळे पिवळे झाले तवा ते मला म्हणले, विजया, नांदेडला जाऊ, मला बरं वाटत न्हाई. दिवाळीला दहा दिवस होते. गिरणीवर डब्यांची रांग. अनारशाचं, चकलीचं, बेसनाचं. मी म्हणले, हप्ताभर थांबा, एवढी दळणं उरकू द्या, तोवर झाडपाला घ्या. ते थांबले. मी सांगितलं म्हणून थांबले. नांदेडला नेलं तवा डॉक्टर म्हणले, उशीर केला."

मला वाटलं होतं रडू येईल, पण रागच आला. "देवानं त्यांना मागितलं नव्हतं. देवाचं नाव मी घेतलं. मला सांगायला लाज वाटत होती की दळणापायी माझा माणूस गेला, म्हणून मी देवाच्या अंगावर ढकललं, आणि तुमी सगळे रडलात. आन या उन्हाळ्यात मी इथं उभी राहून म्हणले की मला घे आणि पोरीला बरी कर. तेबी मागं घेते. माझी पोरगी गोळ्यांनी बरी होईल, या सरांशी बोलून बरी होईल, आन प्रार्थनेनं बरी होईल. कुणाच्या जिवाच्या बदल्यात न्हाई. एवढंच."

मी खाली बसणार तेवढ्यात मागून आवाज आला. आठ महिन्यांत ऐकला न्हाई असा आवाज.

"चार वर्षं," शीतल उभी राहून म्हणली. "चार वर्षं तू मला पहिल्या रांगेत बसवून सांगितलंस की ते माझ्यापायी गेले."

"शीतल..."

"मधे बोलू नको. बारावीचा निकाल लागला तवा मी हसले न्हाई, माय. मला वाटलं कुणाच्या जिवावर हसून राहिले. नवीन ड्रेस घातला तरी तसंच वाटायचं. रोज सकाळी उठले की वाटायचं, हा दिवस त्यांचा होता, मी घेतला. आन तुला म्हाईत होतं. तुला सगळं म्हाईत होतं."

पाळकसाहेब प्रार्थना करायला पुढं सरसावले. धम्मानंद सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते थांबले, हे त्यांचं मोठेपण. पोरगी तशीच दारातून बाहेर गेली, चपला न घालता.

विहीर त्याच बाजूला हाय. मी धावायला निघाले तर सर म्हणले, "मावशी, मागं चला, पण लांबून. ओरडू नका." मी आणि ते, वीस पावलं मागं. ती बाजाराच्या रस्त्यानं तरातरा चालली होती. मळ्याकडचं वळण आलं. ती वळली न्हाई. सरळ घरी गेली. सर बाहेर ओट्यावर थांबले आणि मी आत गेले.

शीतल गॅसपाशी उभी होती. सकाळची भाकर आणि ठेचा ताटात न घेता हातावर घेऊन खाऊन राहिली होती, मोठे मोठे घास, रागानं. डोळ्यातून पाणी चाललेलं आणि जबडा चाललेला. मी दारातच थांबले.

"माझ्याशी बोलू नको," ती म्हणली. मग दोन घास खाल्ले आणि तीच बोलली. "तुला जगायचंय का? खरं सांग. का तुलाबी पप्पाच्या मागं जायचं होतं, आन माझं नाव पुढं केलंस?"

असं कुणी विचारावं आईला? माझ्या अंगात राग चढला आणि तिथंच उतरला, कारण पोरीनं बराबर जागी बोट ठिवलं होतं. संतराम गेल्यापासून मी एकदाही स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मला वाटायचं ती माझी भक्ती. ती शिक्षा होती, माझी मीच मला केलेली, आणि मी पोरीलाबी त्यात ओढलं.

"जायचं होतं," मी म्हणले. "आता न्हाई."

"मग तसं देवाला सांग. मला ऐकू दे."

मी तिथंच उंबऱ्यात डोळे मिटले. म्हणले, प्रभू, मला जगायचंय. मला दळणं करायचीत, भांडायचंय, म्हातारं व्हायचंय. संतरामबद्दल मला माफ कर. ही मला माफ करंल का न्हाई ते तिचं ती बघंल. हिलाबी जगू दे. कुणाच्या बदल्यात कुणी नको.

डोळे उघडले तर ती माझ्याकडं बघून राहिली होती. आमेन म्हणली न्हाई. हातावरचा भाकरीचा शेवटचा तुकडा तिनं तोंडात टाकला, नीट चावून गिळला, आणि हात पुढं केला.

"जेवले मी," ती म्हणली. "आता दे गोळी."